आमच्या बुढीची म्हैस

माझ्या घरी म्हैस कधीच नव्हती. आजाच्या काळात बैलजोडी होती, बापाच्या काळात शेळ्या, माझ्या राज्यात कोंबड्या. कोंबड्याही पुरात गेल्या. तरी बायको मेल्यावर, तिचं वर्षश्राद्धही व्हायचं होतं, तेव्हा फोन आला की तुमची म्हैस पाहायला साहेब येऊन राहिले आहेत.

ती म्हैस कुठून आली ते सांगायचं तर पुरापासून सांगावं लागते.

आमचं गाव मध्य प्रदेशात, बालाघाट जिल्ह्याच्या लांजी तहसिलीत, बाघ नदीच्या काठावर. पलीकडच्या काठाला गोंदिया जिल्हा, म्हणजे महाराष्ट्र. माझी सासुरवाडी तिकडलीच. त्या वर्षी आभाळातून पाणी पडलं ते एक, धरणाची दारं उघडली ते दुसरं, आणि वैनगंगा तुडुंब असल्यानं बाघ नदीचं पाणी मागं लोटलं ते तिसरं. ही तिन्ही पाणी आमच्या गल्लीत येऊन भेटली. आम्ही शाळेच्या छतावर जाऊन बसलो. लोकांनी कोणी कागद आणले, कोणी देव आणले. माझ्या बुढीनं, म्हणजे बायकोनं, लोखंडी चाळणी आणली. तिच्या मायनं लग्नात दिलेली, मुर्रा चाळायची.

मी म्हणालो, "घर बुडून राह्यलं अन् तू चाळणी घेऊन बसली?"

"घर तुमचं आहे. चाळणी माही आहे," ती म्हणाली.

मुर्रा म्हणजे मुरमुरे. शहरात काहीही म्हणोत, आमच्याकडं लेकरापासून म्हाताऱ्यापर्यंत सगळे मुर्राच म्हणतात. बुढीच्या माहेरी त्याची भट्टी होती. आमच्याकडं आल्यावर तिनं मला भट्टी घालू द्या म्हणून पुष्कळ वेळा सांगितलं. पण भट्टीला कढई लागते, धान लागते, आणि आमच्याकडं हातात पैसा आला की त्याच्याआधी त्याचं काम आलेलं असायचं.

पाणी उतरलं तेव्हा घराची मागची भिंत नव्हती. कोठीतल्या धानाला मोड आले होते. वावरात रोपं मेली आणि घरात उगवली. नुकसान पाहायला माणसं आली, त्यांनी भिंतीचा फोटो काढला. एकानं विचारलं, "बाकीच्या तीन भिंती उभ्या आहेत ना?" मी म्हणालो, "धक्का देऊ काय साहेब, म्हणजे तुमचं काम सोपं होते?" बुढीनं मला मागून सदऱ्याला धरून ओढलं.

सरकारी मदत मिळाली, नाही असं नाही. पण ती यायला वेळ लागला आणि पोट तेवढा वेळ थांबत नाही. त्या दिवसांत आम्हाला धरलं ते बायकांच्या समूहानं. महाराष्ट्रात बचत गट म्हणतात, आमच्याकडं समूह. दर आठवड्याला बायका आमच्या गल्लीच्या टोकाला कडुलिंबाखाली बसायच्या, थोडे थोडे पैसे जमा करायच्या. मी त्यांच्या बाजूनं सायकल घेऊन जाताना हमेशा विचारायचो, "काय वं, आज कोणतं सरकार पाडता?" समूहाची अध्यक्षीण म्हणजे आमच्या बाजूच्या घरची. माझ्या बायकोला बाई म्हणायची, म्हणजे मोठी बहीण, आणि मला भाऊजी. जीभ अशी की विळा परवडला. ती म्हणायची, "भाऊजी, तुमचंच पाडायचं आहे, पण बाई आडवी येते."

पुरानंतर त्याच बायकांनी जमलेल्या पैशातून ताडपत्र्या आणल्या, आणि ज्याच्या घरी चूल पेटत नव्हती तिथं तांदूळ पोचवला. मग बालाघाटहून एक संस्था आली. ती अशा समूहांना लहान लहान कर्ज देते, बायकांच्याच नावावर. जमीन गहाण नाही, सोनं नाही. एकीसाठी सगळ्या उभ्या राहतात, एकीचा हप्ता अडला तर बाकीच्या भरतात. मी म्हणालो, असं कर्ज कुठं असते काय? अध्यक्षीण म्हणाली, "गडीमाणसांत नसते भाऊजी. माणसं एकमेकांची बिडी परत करत नाहीत."

संस्थेची एक पोरगी यायची स्कुटीवर. देवासकडची, नवी नवी नोकरीला लागलेली, ऊन लागू नये म्हणून तोंडाला ओढणी बांधून. सगळ्या बायकांना दीदी म्हणायची, माझ्या बुढीलाही. घरोघरी बसून ती विचारायची की कर्ज कशाला पाहिजे, आणि मोबाईलमध्ये भरायची. आमच्या आंगणात आली तेव्हा मी खाटेवरच होतो. जे बोलणं झालं ते माझ्या समोर झालं.

"दीदी, लोन किस लिए चाहिए?"

"मुर्रा," बुढी म्हणाली.

"अच्छा, मुर्रा! पहले कभी की है?"

"मेरे मायके में थी ना. बचपन से देखी."

"रखने की जगह?"

"ये क्या, आंगन में."

"भूसा-पानी का इंतजाम?"

"पानी का हैंडपंप है. भूसा मिल से लाएंगे." धान कांडायच्या मिलमध्ये जो कोंडा निघतो त्याला आम्ही भूसा म्हणतो. भट्टी त्याच्यावरच जळते.

"रोज का कितनी बार होगा?"

"दो टाइम. सुबह-शाम."

पोरगी खूश झाली. पण तिनं पैशाचा आकडा पाहून तोंड वाकडं केलं. "दीदी, इतने में तो अच्छी वाली नहीं आएगी."

बुढी म्हणाली, "पुरानी ले लूंगी. पेंदा मजबूत रहना, बस."

पोरीनं जरा थांबून बुढीकडं पाहिलं, मग लिहून घेतलं. पेंदा म्हणजे तिनं काय समजलं असेल ते तिलाच माहीत. मी खाटेवर बसून मान हलवत होतो. मला वाटलं, वा, देवासची पोरगी असून मुर्र्याची किती माहिती आहे.

पैसे आले. बुढीनं लांजीच्या बाजारातून जुनी कढई आणली, जाड पेंद्याची, म्हणजे बुडाची. भट्टी स्वतःच्या हातानं घातली. मला फक्त माती तुडवायला सांगितली आणि तीही मी बरोबर तुडवत नाही म्हणून दोनदा शिव्या दिल्या. मुर्रा करायचा म्हणजे उसन्या, म्हणजे उकडून वाळवलेल्या धानाच्या तांदळाला मिठाचं पाणी चोळायचं, हलका भाजायचा, आणि मग तापलेल्या वाळूत मूठभर टाकून बांबूच्या काड्यांच्या जुडीनं फिरवायचा. श्वास घेतो तेवढ्यात पांढराशुभ्र फुलते. एक श्वास जास्त झाला की करपते. मग चाळणीत वाळू खाली, मुर्रा वर. बुढी भट्टीपुढं बसली की मागं आठ लेकरं उभी. ती ओरडायची, "सरका रे, वाळू उडते!" आणि दर घाण्याला एक मूठ मागं फेकायची, न पाहता.

दिवाळी झाली की आमच्याकडं मंडई भरते. आज या गावात, उद्या त्या गावात. जत्राच, पण देवापेक्षा दंडारीचं नाचगाणं, पाळणे आणि खाणं जास्त. मुर्रा-चण्याशिवाय मंडई होत नाही. पूर येऊन गेलेल्या गावांतही त्या वर्षी मंडई भरली, जरा जास्तच जोरात भरली. बुढी आणि समूहाच्या बायका टेंपोत पोती टाकून गावोगाव फिरल्या. मी पोत्यावर बसून जायचो, राखणदार म्हणून. खरं म्हणजे मला जिलेबी खायची असायची. त्या मंडईतल्या कमाईत आमची मागची भिंत उभी राहिली. विटांची. त्या भिंतीला टेकून बुढी म्हणाली, "पाहा, मुर्र्याची भिंत आहे. पाणी लागलं तर विरघळंल."

"तू आहे ना फुकणी फुकून वाळवायला," मी म्हणालो.

संक्रांत झाली आणि ती गेली. सकाळी छातीत दुखते म्हणाली. लांजीला नेलं, तिथून बालाघाटला निघालो, रस्त्यात गेली. माझा हात धरला होता आणि गाडी हळू चालवा म्हणत होती, धक्के बसतात म्हणून. याच्यावर जास्त लिहीत नाही. लिहायला बसलो तर पेन चालत नाही आणि वाचणाऱ्याला काय फायदा.

तेरवी झाली. आमचा पोरगा आला होता, तो हैदराबादला कामावर परत गेला. त्यानंतर एका सकाळी मी उठलो तर आंगणात धूर. पाहतो तर अध्यक्षीण भट्टीपुढं बसलेली आणि अजून दोघी तांदळाला मीठ चोळताहेत.

"हे काय चालवलं वं?"

"मुर्रा करून राह्यलो. बाईचे हप्ते आहेत ना अजून. अन् हप्ते नसते तरी काय, कढई थंडी ठेवाची का? तुम्ही भूसा टाका."

"मी?"

"मंग काय बाईले बोलावू?"

असं ती बोलून गेली आणि तिचंच तोंड उतरलं. मी उठून भूसा टाकला. त्या दिवसापासून मी भट्टीचा भूसेवाला झालो. बायका पाळीपाळीनं यायच्या. सासवांच्या चुगल्या, सुनांच्या चुगल्या, सगळं माझ्या आंगणात. मला ऐकायला येत नाही असं समजून बोलायच्या. मला सगळं ऐकायला येते. दुपारी कोणाची ना कोणाची भाजी-भाकर माझ्यासमोर यायची. घर खायला उठते म्हणतात. माझ्या घराला खायला उठायला सवडच मिळाली नाही, रोज इतक्या बायका.

आणि मग उन्हाळ्यात तो फोन आला.

फोन अध्यक्षीणबाईच्या मोबाईलवर आला. आमच्या गावात कोणी फोन कानाला लावत नाही, स्पीकरवर बोलतात, म्हणजे शेजाऱ्यालाही उत्तर देता येते. ती देवासची पोरगी म्हणाली, "दीदी, वो जो दीदी गुजर गईं ना, उनके लोन की जांच करने साहब आ रहे हैं बालाघाट से. सदस्य के गुजरने के बाद देखना पड़ता है कि सामान है कि नहीं. भैंस को घर पे ही बांधके रखना."

"कौन सी भैंस?" अध्यक्षीण म्हणाली.

"उनकी मुर्रा भैंस. जिसके लिए लोन लिया था."

मोबाईल बंद झाला. कढईत तांदूळ करपत होता. मग सगळ्यात लहान जी सून होती समूहातली, तिनं सांगितलं की मुर्रा नावाची म्हशीची जात असते, तिनं मोबाईलमध्ये पाहिली आहे, काळी, मोठ्ठी, पुष्कळ दूध देते. तेव्हा आमच्या डोक्यात उजेड पडला. मायका, आंगण, भूसा, दोन टाइम. त्या पोरीनं म्हैस लिहिली होती.

आधी बायका हसल्या. एक तर लोळून हसली. मग अध्यक्षीण हसायची थांबली आणि तिच्या मागं सगळ्या थांबल्या. गोष्ट हसण्यासारखी राहिली नव्हती. म्हैस नाही दिसली तर साहेब लिहिणार की पैसा म्हशीला घेतला आणि खाऊन टाकला. समूहावर डाग. आणि त्याच महिन्यात समूहाला मोठं कर्ज मिळायचं होतं, गावठाणाच्या उंच जागेवर ओटा बांधून टिनाचा शेड घालायला, म्हणजे पुन्हा पाणी आलं तर धान आणि भट्ट्या वर राहतील. ते अडकणार.

मला मात्र दुसरंच लागलं. माझी बुढी कागदावर म्हैसचोर होऊन बसली होती. आणि ती सांगायला नव्हती.

दोन दिवसांत गावभर झालं. चौकातल्या चहाच्या टपरीवर आमचा मुंशी बसते. मुंशी म्हणजे तेंदूपत्त्याच्या फडावर हिशेब लिहायचा, आता रिकामा. माझ्याच वयाचा, लहानपणापासूनचा दोस्त, म्हणून त्याची जीभ जास्त चालते. मी सायकल उभी केली तसा तो ओरडला, "का बे बुढ्या, म्हैस पचली का? आमाले एक पावशेर तरी द्याची होती!" टपरीवरचे सगळे हसले. मी चहा न पिता परतलो. आयुष्यात पहिल्यांदा.

मी बायकांना म्हणालो, साहेबाला खरं सांगू. अध्यक्षीण म्हणाली, "भाऊजी, कागदवाल्या माणसाले समजावता येत नाही. दाखवता येते. म्हैस मांगते ना? म्हैस दाखवू."

तिच्या दिराची म्हैस होती. मी म्हणालो, "जिवंतपणी तिनं कोणाची वाटी उसनी आणली तर धुऊन परत केली. आता मेल्यावर तिच्या नावानं उसनी म्हैस बांधता?"

"तुम्ही तोंड बंद ठेवा जी. तुमचं तोंड उघडलं का काही ना काही बुडते."

साहेब यायच्या दिवशी म्हैस आणली, धुतली, शिंगांना तेल लावलं. कर्जाच्या म्हशीच्या कानात पिवळा बिल्ला असते म्हणे, म्हणून लहान सुनेनं तेलाच्या डब्याचं पिवळं झाकण कापून दोऱ्यानं कानाला बांधलं. म्हैस कान झटकत होती आणि बिल्ला भिंगरीसारखा फिरत होता. मी खाटेवर बसलो होतो, तोंड बंद. भट्टी त्या दिवशी विझवलेली, पण सकाळचा मुर्रा टोपल्यात भरून ओसरीवर तसाच होता. तो झाकायचं कोणाला सुचलं नाही.

साहेब मोटारसायकलवर आले, मागं ती पोरगी. साहेब जवान माणूस, ग्वाल्हेरकडचा. तिकडं म्हणे दारोदारी म्हशी. आमचं नशीब पाहा, बालाघाटला पन्नास साहेब असतील, त्यातला म्हशीचा जाणकार आमच्या वाट्याला आला. त्यानं म्हशीभोवती एक चक्कर मारली.

"ये मुर्रा है?"

"हौ साहब," अध्यक्षीण म्हणाली. "एकदम मुर्रा."

"मुर्रा के सींग जलेबी जैसे गोल होते हैं. इसके तो सीधे हैं."

सगळ्यांनी म्हशीच्या शिंगांकडं पाहिलं. मग मागून लहान सुनेचा बारीक आवाज आला, "बाढ़ में सीधे हो गए, साहब."

साहेबांनी तिच्याकडं पाहिलं. तेवढ्यात म्हशीनं दोर सोडवला. दोर मीच बांधला होता, पण मुद्दाम ढिला बांधला नव्हता, हे मी अध्यक्षीणबाईला शंभर वेळा सांगितलं आहे. म्हैस सरळ ओसरीवर गेली आणि टोपल्यात तोंड घातलं. कुरकुर, कुरकुर. बायका धावल्या. म्हैस काही हटेना. साहेबांनी मला विचारलं, "बाबा, ये क्या खा रही है?"

मी तोंड बंद ठेवणार होतो. पण विचारलेल्या प्रश्नाला उत्तर न देणं मला जमत नाही.

"मुर्रा."

"अरे, भैंस की जात नहीं पूछ रहा. खा क्या रही है?"

"मुर्रा."

"मुर्रा मुर्रा को खा रही है क्या?"

"हौ साहब! वो जो खा रही है वोच मुर्रा है. और जो खाने वाली है वो मुर्रा नहीं है. वो इसके देवर की है." मी अध्यक्षीणबाईकडं बोट केलं. तिनं कपाळावर हात मारला.

मी उठलो. टोपल्यातून म्हशीच्या नाकाखालून एक मूठ काढली, साहेबांच्या हातावर ठेवली, आणि भट्टी दाखवली, कढई दाखवली, भूशाचं पोतं दाखवलं. म्हणालो, "ये भूसा. ये दो टाइम. ये पुरानी, मजबूत पेंदे वाली. जो बोली थी वो सब है, साहब. भैंस वो कभी बोलीच नहीं."

देवासची पोरगी हळूहळू खाली बसली. तिच्या ध्यानात एकेक वाक्य परत येत होतं, ते तिच्या तोंडावर दिसत होतं. मग तिनं टोपल्यातला एक दाणा उचलला आणि तिला रडू फुटलं. "सर, ये तो परमल है! हमारे यहां इसको परमल बोलते हैं!"

साहेबांनी दाणे तोंडात टाकले, चावले, आणि जे हसायला लागले ते माझ्या खाटेवर बसले. हसता हसता खोकला लागला, बुढीच्या लोट्यातून पाणी दिलं. मग मात्र त्यांनी तोंड घट्ट केलं आणि विचारलं, "हंसी की बात अलग. पर झूठी भैंस क्यों बांधी?"

अध्यक्षीण मागं हटणारी बाई नाही. "साहब, आपने भैंस मांगी, हमने भैंस बताई. आप हाथी मांगते तो मुश्किल होती."

साहेब म्हणाले की हे लिहिलं तर समूहाला भारी पडेल, पण म्हशीचा फोटो अजून काढलेला नाही, त्यामुळं त्यांनी काही पाहिलेलं नाही. फक्त भट्टी खरोखर चालते का ते पाहायचं. अध्यक्षीणबाईनं पदर खोचला, मी भूसा पेटवला. पहिला घाणा करपला, कारण ती साहेबांकडं पाहत होती. दुसरा असा फुलला की पोरगी रडता रडता जवळ सरकली. कांदा, मिरची, कच्चं तेल घालून कालवून दिला. साहेबांनी दोन ताटं खाल्ली. तिसऱ्याला नको म्हणाले आणि घेतलं.

आता भांडण राहिलं शब्दाचं. मोबाईलमध्ये म्हशीच्या जागी काय लिहायचं? पोरगी म्हणे परमल. साहेब म्हणे लाई लिहा. लहान सून म्हणे मुरमुरा, टीव्हीवर तेच म्हणतात. मोबाईलच्या यादीत यातलं काहीच नव्हतं, तिथं होतं 'खाद्य प्रसंस्करण'. साहेब म्हणाले, हेच ठीक.

मी म्हणालो, "नाही."

"क्यों बाबा?"

"वो ऐसा शब्द जिंदगी में नहीं बोली. उसके नाम के आगे जो वो बोली वोच लिखो."

"पर मुर्रा लिखेंगे तो ऊपर वाले फिर भैंस समझेंगे."

अध्यक्षीण माझ्या बाजूला येऊन उभी राहिली. त्या दिवशी पहिल्यांदा ती माझ्या बाजूनं होती. म्हणाली, "तो लिखो कि भैंस नहीं है. उसमें क्या?" खाली एक रिकामी जागा होती, थोडं विवरण द्यायला. साहेब पोरीला म्हणाले, लिख. पण मंजुरी बालाघाटहून यायची होती, तोपर्यंत कागदावर म्हैसच.

ते दिवस फार लांब वाटले. टपरीवर मी जातच नव्हतो. मुंशी एकदा घरी आला, म्हणाला, "काहून बे, बिमार आहे का?" मी म्हणालो, "नाही. रिकामा नाही." आणि खरंच रिकामा नव्हतो. लग्नसराईचा मुर्रा चालला होता.

पाऊस लागायच्या आधी पोरगी स्कुटीवर आली. ओढणी सोडायच्या आधीच ओरडली, "दादाजी, हो गया! शेड का भी हो गया!" बायकांनी तिला उचलायचं बाकी ठेवलं. शेडचे पैसे म्हणजे ओटा, ओटा म्हणजे यंदा धान कोरडं. कोणी टाळ्या वाजवत होती, कोणी आत्ताच शेडात कोणाची कढई कुठं मांडायची त्यावरून भांडत होती.

मी पोरीला म्हणालो, "बेटा, तो मोबाईल घेऊन मह्यासंग चल. चौकापर्यंत."

टपरीवर मुंशी होताच. आणखी चार-पाच जणं होती. मी म्हणालो, "पढ़. जोर से."

पोरीनं बुढीचं नाव वाचलं, पूर्ण, माझ्या नावासकट. मग वाचलं, "ऋण का उद्देश, मुर्रा भट्ठी. विवरण, खाने का मुर्रा, भैंस नहीं. किस्त नियमित."

"अजून एकदा," मी म्हणालो. तिनं अजून एकदा वाचलं.

टपरीवाला हसला. मुंशी हसला नाही. त्यानं ग्लास खाली ठेवला, म्हणाला, "अबे, मी त मजाक करून राह्यलो होतो. तुले माहीत नाही का? तिच्या हातचा मुर्रा मी कमी खाल्ला का?"

"मले माहीत आहे," मी म्हणालो. "पण ती आयकून राह्यली असंल त?"

 मुंशीनं बाकावर सरकून मला जागा केली, पोरीला खुर्ची दिली, आणि सगळ्यांसाठी चहा सांगितला. पैसे त्यानंच दिले. मी दोन प्यालो.